खासगी थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाताना: मुंबईकरांसाठी एक मार्गदर्शक

थेरपिस्टकडे जावे असे मनात येणे आणि प्रत्यक्षात पहिली अपॉइंटमेंट घेणे, या दोहोंच्या मध्ये अनेकांचे महिनेच्या महिने निघून जातात. त्याला लाज किंवा भीती कारणीभूत असते असे आपण धरून चालतो. पण माझ्या पाहण्यात असे आले आहे की पुष्कळदा गाडी अडते ती अगदी साध्या गोष्टींवर. फोन केल्यावर सुरुवात कशी करायची, तिथे गेल्यावर कोण काय विचारणार, घरच्यांना कळेल का, दर आठवड्याला जावे लागले तर पैशांचे कसे जमवायचे, आणि तासभर बोलायचे तरी काय, या प्रश्नांची उत्तरे आधी कोणी सांगत नाही आणि म्हणून पाऊल उचलले जात नाही. ती उत्तरे एका ठिकाणी मिळावीत, यासाठी हा लेख लिहिला आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी. पहिल्या तीन-चार भेटी थेरपिस्टने तुम्हाला समजून घेण्यासाठी जितक्या असतात, तितक्याच त्या तुम्ही थेरपिस्टला पारखून घेण्यासाठीही असतात. डॉक्टरांसमोर निमूटपणे बसायचे, ते सांगतील ते ऐकायचे आणि चिठ्ठी घेऊन बाहेर पडायचे, ही आपली जुनी सवय इथे उपयोगी पडत नाही. प्रश्न विचारणे, शंका बोलून दाखवणे, ‘हे मला पटले नाही’ असे सांगणे हा इथे उद्धटपणा मानला जात नाही. उपचार त्यावरच उभा राहतो.

ज्यांच्याकडे थोडी उसंत आहे, त्यांच्यासाठी पुढचा क्रम आहे. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील किंवा घरातले कोणी तसे बोलत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; तिचा क्रमांक १४४१६ आहे, तो दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. धोका अगदी समोर उभा असेल, तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्यावे. परळचे के.ई.एम., सायनचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर ही महापालिकेची रुग्णालये आणि भायखळ्याचे सरकारी जे.जे. या सर्व ठिकाणी मनोविकार विभाग आहेत.

कोणाकडे जायचे ते आधी ठरवावे

पाटीवर ‘मानसोपचार’ असे लिहिलेले असले, तरी आत बसलेल्या व्यक्तीचे शिक्षण वेगवेगळे असू शकते. मनोविकारतज्ज्ञ म्हणजेच सायकिअ‍ॅट्रिस्ट हे वैद्यकीय डॉक्टर असतात; एम.बी.बी.एस. नंतर त्यांनी याच विषयात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेले असते, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे त्यांची नोंदणी असते आणि औषधे तेच लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. झाल्यावर पुढचे विशेष प्रशिक्षण घेतलेले असतात. वर्षानुवर्षे त्यासाठी दोन वर्षांचा एम.फिल. हा रूढ मार्ग राहिला आहे. १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असावी लागते. तिसरा आणि सर्वांत मोठा गट समुपदेशकांचा. त्यांच्यात मानसशास्त्र, समुपदेशन किंवा समाजकार्य या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेली उत्तम माणसे आहेत, आणि दोन दिवसांचे शिबिर करून पाटी लावलेलेही आहेत. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांच्या नोंदणीची तरतूद २०२१ च्या केंद्रीय कायद्याने केली असली, तरी पाटी लावणारा प्रत्येक जण नोंदणीकृत आहे असे गृहीत धरू नये. शिक्षण कुठे झाले, कोणत्या विषयात झाले आणि सध्या कोणा ज्येष्ठ व्यक्तीच्या देखरेखीखाली काम चालते का, हे तीन प्रश्न सरळ विचारावेत. चांगला थेरपिस्ट त्यांची उत्तरे विनासायास देतो. जो चिडतो किंवा टाळाटाळ करतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाण्याचे कारण उरत नाही.

कानात आवाज येणे, सगळे आपल्यावर पाळत ठेवून आहेत असा संशय पक्का होणे, कित्येक रात्री झोप नसूनही थकवा न जाणवणे, जेवण सुटून वजन भराभर उतरणे किंवा अंथरुणातून उठणेच अशक्य होणे, यांपैकी काही होत असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. नाते तुटल्याचे दुःख, कामावरची धास्ती, सतत होणारी चिडचिड, लग्नाचा किंवा करिअरचा पेच, जुन्या घटनांचे ओझे अशा कारणांसाठी समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्टपासून सुरुवात करायला हरकत नाही. औषध आणि संवाद ही दोन्ही एकाच वेळी लागणारी माणसेही पुष्कळ असतात, आणि तसे सांगितले गेले म्हणून आपली केस हाताबाहेर गेली असे समजू नये. आणखी एक साधी गोष्ट: बराच काळ थकवा आणि उदासी असेल, तर फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ एकदा तपासून घ्यावे. थायरॉइडचे काम मंदावले की मनही मंदावते, आणि ते कितीही बोलून दुरुस्त होत नाही.

पहिला संपर्क

नाव शोधताना ओळखीच्या डॉक्टरांना विचारणे हा अजूनही सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. ज्या थेरपिस्टकडे तुमची बहीण, नवरा किंवा जवळचा मित्र आधीपासून जातो, त्याच थेरपिस्टकडे स्वतःसाठी जाणे मात्र शक्यतो टाळावे. तुम्ही एकमेकांविषयीच बोलणार असता आणि थेरपिस्टची कुचंबणा होते. अशा वेळी त्याच थेरपिस्टकडून दुसऱ्या कोणाचे नाव मागून घ्यावे. दोन-तीन नावे हाताशी ठेवावीत, कारण संध्याकाळच्या आणि शनिवारच्या वेळा मुंबईत लवकर भरतात आणि पहिल्याच ठिकाणी ‘सध्या नवीन क्लायंट घेत नाही’ असे उत्तर मिळू शकते. त्यात तुमच्याविषयी काही मत नसते.

बहुतेक थेरपिस्ट सत्रात असताना फोन उचलत नाहीत, त्यामुळे छोटा संदेश पाठवणे सोयीचे पडते. त्यात आयुष्याची कहाणी लिहू नये. इतके पुरते: ‘नमस्कार. मी अंधेरीला राहतो, वय ३१. गेले चार महिने झोप नीट लागत नाही आणि कामावर सतत धास्ती वाटते. आपल्याकडे मराठीतून सत्रे घेता येतील का? संध्याकाळी सातनंतरची किंवा शनिवारची वेळ मिळू शकेल का आणि एका सत्राची फी किती, हे कृपया कळवावे.’ भाषेचा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. ऑफिसात दिवसभर इंग्रजी आणि रिक्षात हिंदी बोलणाऱ्या माणसालाही वडिलांवरचा राग किंवा आजीच्या जाण्याचे दुःख ज्या भाषेत ते घडले त्याच भाषेत सांगता येते, आणि मराठी कळणारा थेरपिस्ट या शहरात मिळत नाही असे मुळीच नाही.

पैशांचा हिशेब

मुंबईत खासगी सत्राची फी सर्वसाधारणपणे हजार ते तीन हजार रुपयांच्या दरम्यान आढळते. नवीन थेरपिस्टकडे ती याहून कमी असते आणि नावाजलेल्यांकडे बरीच जास्त. हिशेब एका सत्राचा न करता तीन महिन्यांचा करावा. दीड हजार रुपये फी आणि दर आठवड्याला एक सत्र धरले, तर बारा सत्रांचे अठरा हजार होतात. तेवढे झेपणारे नसेल, तर पहिल्याच संभाषणात तसे सांगावे. अनेक थेरपिस्ट काही जागा कमी फीसाठी राखून ठेवतात, पण विचारल्याशिवाय त्या कळत नाहीत. चार सत्रे उधारी-उसनवारीने करून पाचव्याला गायब होण्यापेक्षा पंधरा दिवसांनी एक सत्र ठरवून नियमाने जाणे केव्हाही चांगले.

विम्याविषयी गैरसमज फार आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारासाठीही शारीरिक आजाराच्या धर्तीवरच संरक्षण द्यायचे आहे आणि विमा नियामकानेही ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसे कळवले. तरीही बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरचा खर्च देतात. बाह्यरुग्ण उपचारांचे संरक्षण वेगळे घेतलेले नसेल तर साप्ताहिक सत्राचे पैसे परत मिळण्याची आशा धरू नये. कंपनीत नोकरी असेल, तर कर्मचाऱ्यांसाठी काही मोफत सत्रांची सोय असते का, हे पाहावे. मात्र तिथे नावानिशी कोणती माहिती कंपनीकडे जाते, हे आधी लेखी विचारून घ्यावे. खासगी फी कोणत्याही प्रकारे परवडत नसेल, तर वर उल्लेख केलेल्या महापालिका रुग्णालयांच्या ओपीडीत केसपेपर काढून नाममात्र खर्चात उपचार सुरू करता येतात; गर्दी असते, वेळ जातो, पण तिथले डॉक्टर याच विषयात मुरलेले असतात. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा २०१२ पासून फोन आणि ईमेलवर विनामूल्य समुपदेशन देत आली आहे.

रद्द केलेल्या सत्राचा नियमही याच वेळी समजून घ्यावा. बहुतेक ठिकाणी चोवीस तास आधी कळवले नाही तर पूर्ण फी द्यावी लागते. हा नियम जाचक वाटतो, पण तुमच्यासाठी राखलेला तास दुसऱ्या कोणाला देता आलेला नसतो. मुसळधार पावसात लोकल बंद पडल्या तर काय, हे मात्र विचारून ठेवावे. समजूतदार थेरपिस्ट अशा दिवशी तेच सत्र फोनवर किंवा व्हिडिओवर घेतात. रविवारची वेळ घेत असाल, तर आपल्या मार्गावर मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी पाहावे.

बोलायला जागा

ऑनलाइन की समोरासमोर, हा प्रश्न या शहरात शेवटी जागेचा प्रश्न असतो. वन रूम किचनमध्ये पाच माणसे राहत असताना आईविषयीची तक्रार बोलायची कुठे? स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते, बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू असतो आणि बेडरूम असलीच तर तिच्या दाराला कडी नसते. अशा घरातून घेतलेल्या ऑनलाइन सत्रात माणूस अर्धा तास हळू आवाजात इकडचे-तिकडचे बोलतो, मुख्य गोष्ट ओठांपर्यंत येऊन परत जाते, आणि मग ‘थेरपीचा काही उपयोग झाला नाही’ असा निष्कर्ष निघतो. म्हणून माझा आग्रह असा आहे की शक्य असेल तर पहिली दोन-तीन सत्रे तरी प्रत्यक्ष जाऊन घ्यावीत. दादर, माटुंगा, पार्ले, मुलुंड, ठाणे अशा ठिकाणी स्टेशनपासून चालत जाता येईल असे क्लिनिक निवडले, तर ऑफिसातून परतताना मध्येच उतरणे सोपे जाते आणि घरी वेगळे काही सांगावे लागत नाही.

ऑनलाइनशिवाय पर्याय नसेल, तर जागा आधी हेरून ठेवावी. कोणी सोसायटीच्या गच्चीवर बसून बोलते, कोणी पार्किंगमध्ये उभ्या गाडीत काचा वर करून, कोणी ऑफिस सुटल्यावर रिकाम्या मीटिंग रूममध्ये. दुपारी घर रिकामे असेल, तर दुपारची वेळ मागून घ्यावी. घरातूनच बोलायचे झाले, तर इअरफोन लावावेत म्हणजे निदान समोरच्याचे प्रश्न बाहेर ऐकू जात नाहीत, दाराजवळ पंखा किंवा रेडिओ चालू ठेवावा, आणि सत्राच्या सुरुवातीलाच थेरपिस्टला सांगावे: ‘मध्ये कोणी आले तर मी विषय बदलेन, तुम्हीही बदला.’ शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून बोलणे मोकळे वाटते खरे, पण तिथे ओळखीचे कोणी भेटले की गाडी रुळावरून घसरते; रडू आले तर तिथे रडताही येत नाही.

पहिल्या सत्रात काय घडते

दहा मिनिटे आधी पोहोचावे. जुन्या इमारतीतला दुसरा मजला, जिन्यात चपलांचा स्टँड, बाहेर दोन खुर्च्या आणि पाण्याचा जग, असे साधे चित्र बहुतेक ठिकाणी असते. भिंतीकडे पाहत पडून राहायचा कोच जवळजवळ कुठेच नसतो. आत दोन खुर्च्या थोड्या तिरक्या मांडलेल्या असतात, जेणेकरून सतत डोळ्याला डोळा भिडवावा लागू नये. मध्ये टिश्यूचा डबा असतो. तो तिथे का आहे हे दोघांनाही ठाऊक असते, तेव्हा रडू आल्यास माफी मागायची गरज नाही.

सुरुवातीला एक माहितीपत्रक भरायला देतात: नाव, वय, कोणाबरोबर राहता, अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा, आधीचे आजार, चालू औषधे, झोप, भूक, दारू-तंबाखू, घरात पूर्वी कोणाला मानसिक आजार होता का. खरे लिहावे. रोज दोन पेग होत असताना ‘कधीमधी’ लिहिल्याने फसवणूक आपलीच होते. सोबत संमतीपत्रक असते. त्यात फी, वेळ, रद्द करण्याचा नियम आणि गोपनीयतेच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. ते सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावे, आणि असे काही दिलेच नाही तर या चार गोष्टी तोंडी विचाराव्यात. काही ठिकाणी पी.एच.क्यू.-९ सारखी, उदासी किती आहे हे मोजणारी छोटी प्रश्नावली देतात. त्यात मागच्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतात आणि बेरीज शून्य ते सत्तावीस यांच्यामध्ये येते. तो परीक्षेचा निकाल नव्हे. सहा-आठ आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली की फरक पडतो आहे का, हे पाहायला तो आकडा कामी येतो.

मग बोलणे सुरू होते, आणि इथे बहुतेकांची पंचाईत होते, कारण सुरुवात लहानपणापासून करायची की कालच्या भांडणापासून, हे कळत नाही. कुठूनही करावी. समजा, थेरपिस्टने विचारले, ‘यायचं आत्ताच का ठरवलंत?’ तुम्ही म्हणालात, ‘यायचं कधीपासून होतं. पण परवा लेकीवर ओरडलो आणि ती दाराआड जाऊन उभी राहिली.’ तुमची अपेक्षा अशी असते की आता रागावर ताबा कसा ठेवावा, याचे चार उपाय मिळतील. त्याऐवजी पुढचा प्रश्न येतो: ‘तेव्हा किती वाजले होते?’ नऊ वाजून गेले होते. ‘त्याआधी तुम्ही कुठे होतात?’ गाडीत, उभ्याने, बदलापूर लोकलमध्ये. ‘आणि त्याआधी?’ त्याआधी साहेबांच्या केबिनमध्ये. ‘ती दाराआड उभी राहिली, तेव्हा तुम्हाला काय आठवलं?’ या प्रश्नावर बराच वेळ शांतता पसरू शकते. थेरपिस्ट ती शांतता भरून काढायला धावत नाही, आणि तुम्हीही धावू नये. अशा वेळी जे आठवते तेच पुष्कळदा कामाचे असते.

पहिल्या सत्रात उपाय मिळत नाही, ही नवख्यांची सर्वांत मोठी निराशा असते. पन्नास मिनिटे आपणच बोललो, पैसेही आपणच दिले, आणि हाती काय आले, असे म्हणून कित्येक जण परत जात नाहीत. पण भिंतीला ओल कुठून येते हे पाहिल्याशिवाय वर रंग काढणारा कारागीर आपण घरी तरी ठेवू का? पहिली एक-दोन सत्रे ही ओल शोधण्याची असतात. उलट, विसाव्या मिनिटाला ‘तुम्ही नवऱ्याला सोडून द्या’ किंवा ‘रोज ध्यान करा, सगळे ठीक होईल’ असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे.

सगळे पहिल्याच दिवशी सांगायची सक्ती नसते. एखाद्या प्रश्नावर ‘याविषयी मला आज बोलायचे नाही’ असे म्हणता येते आणि त्याचा मान राखला जातो. सत्र संपण्यापूर्वी मात्र तुम्ही तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: मला काय होते आहे असे तुम्हाला आत्तापर्यंत वाटते, तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता, आणि साधारण किती सत्रांनंतर आपण आढावा घ्यायचा. किती काळ लागेल याचे ठाम उत्तर प्रामाणिक थेरपिस्ट देत नाही. विचारांवर आधारलेल्या पद्धतींत बारा ते वीस सत्रांचा अंदाज अनेकदा सांगितला जातो, जुन्या जखमांना मात्र त्याहून कितीतरी जास्त वेळ लागू शकतो.

पद्धतींच्या नावांनी गोंधळून जाऊ नये. मराठी माणसाला एक पद्धत तशी जवळची आहे: अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेला विवेकनिष्ठ मानसोपचार. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी तो मराठीत रुजवला आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आय.पी.एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेनेही तो हजारो घरांपर्यंत नेला. साहेबांनी मेलला उत्तर दिले नाही, ही घटना. रात्रभर झोप लागली नाही, हा परिणाम. आणि या दोहोंच्या मध्ये ‘आता माझी नोकरी जाणारच’ हा विचार, जो आपण तपासलेलाच नसतो. तो पकडायला आणि पारखायला शिकवणे, हे त्या पद्धतीचे मुख्य काम. इतर थेरपिस्ट नात्यांतून, बालपणातून किंवा शरीरातल्या जाणिवांतून काम करतात. तुमच्या थेरपिस्टला आपली पद्धत साध्या मराठीत समजावून सांगता यायला हवी.

गोपनीयता कुठपर्यंत

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २३ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क देते आणि तिच्यावर उपचार करणाऱ्यांवर ती पाळण्याचे बंधन घालते. तुमच्या आईने फोन करून विचारले, तरी तुम्ही सज्ञान असाल तर तुमच्या परवानगीशिवाय थेरपिस्टने काही सांगायचे नसते. मर्यादा मोजक्याच आहेत, पण त्या आधी ठाऊक असाव्यात. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला तर जवळच्या व्यक्तीला कळवले जाते. न्यायालयाने मागितल्यास माहिती द्यावी लागते. आणि बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती समजली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, थेरपिस्टवरही. थेरपिस्ट आपल्या ज्येष्ठांशी केसची चर्चा करतात, तेव्हा नाव आणि ओळख काढून टाकलेली असते. हवे तर तसे विचारून खात्री करून घ्यावी. सत्राचे रेकॉर्डिंग तुमच्या लेखी संमतीशिवाय होता कामा नये, आणि तुम्हीही ते चोरून करू नये.

घरी किती सांगायचे, हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे. लपवण्यात फार शक्ती खर्च होत असेल, तर थोडके आणि ठाम सांगावे: ‘आई, मी दर बुधवारी समुपदेशकांकडे जाते. झोपेचा त्रास होता ना, त्यासाठी. तिथे काय बोलते ते सांगणार नाही, पण तू काळजी करू नकोस.’ ‘आमच्याशी बोल की, बाहेरच्यांना कशाला पैसे द्यायचे?’ हा प्रश्न येणारच. त्यावर वाद घालत बसू नये. प्रेमापोटी विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर सहसा दोन-तीन महिन्यांनी त्यांना तुमच्या वागण्यातच दिसते.

पुढचे आठवडे

दुसऱ्या-तिसऱ्या सत्रानंतर काही जणांना आधीपेक्षा जास्त वाईट वाटू लागते. झोपवून ठेवलेल्या गोष्टी वर आलेल्या असतात. म्हणून सत्रानंतरचा अर्धा तास मोकळा ठेवावा. लगेच मीटिंग किंवा घरचा समारंभ ठेवू नये, एक स्टेशन आधी उतरून चालत जावे. हे वाईट वाटणे दोन-तीन दिवसांत ओसरत नसेल, तर पुढच्या सत्राची वाट न पाहता थेरपिस्टला कळवावे. एरवी मात्र दोन सत्रांच्या मध्ये लांबलचक संदेश पाठवू नयेत. वही करावी आणि आठवड्यात जे टोचले ते दोन ओळींत तारखेसह लिहून सत्रात न्यावे. काही थेरपिस्ट घरी करायला छोटा अभ्यास देतात. तो झाला नाही तर न जाण्याचे निमित्त करू नये. का झाला नाही, यावरच एक चांगले सत्र होऊ शकते.

मनोविकारतज्ज्ञांनी औषध सुरू केले असेल, तर त्याची माहिती थेरपिस्टला द्यावी. उदासीवरच्या औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात, आणि बरे वाटू लागले म्हणून ती आपल्या मनाने एकदम बंद करणे धोक्याचे असते.

थेरपिस्टशी सूर जुळणे किती महत्त्वाचे आहे, हे या क्षेत्रातले संशोधन वारंवार दाखवत आले आहे. तीन-चार सत्रांनंतरही आपल्याला तोलले जाते आहे असे वाटत असेल, तर आधी ते त्यांच्यापाशीच बोलावे: ‘मागच्या वेळी तुम्ही लग्नाविषयी बोललात ते मला लागले.’ चांगला थेरपिस्ट हे ऐकून घेतो आणि बहुधा तिथूनच काम खोलवर जाते. तरीही जमले नाही, तर बदलावे. त्यात कृतघ्नपणा नाही.

काही गोष्टी मात्र बोलून मिटवण्यासारख्या नसतात. जात, धर्म, लैंगिक ओळख किंवा अविवाहित असणे यांवरून उपदेश करणे, समलिंगी आकर्षण ‘बरे’ करून देतो असे सांगणे, दुसऱ्या क्लायंटच्या गोष्टी ओळख पटेल अशा तऱ्हेने सांगणे, बाहेर भेटायला बोलावणे, पैसे उसने मागणे, कोणत्याही स्वरूपाची शारीरिक जवळीक साधणे, असे काही घडले तर तिथेच थांबावे. डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आणि नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टविरुद्ध पुनर्वास परिषदेकडे तक्रार करता येते. त्यासाठी पावत्या आणि संदेश जपून ठेवावेत. नोंदणी असलेली व्यक्ती निवडण्याचा हा एक मोठा फायदा आहे.

थांबण्याची वेळ

सत्रांना जाणे हळूहळू सोडून देणे, फोन न उचलणे, ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणे, असा शेवट पुष्कळांचा होतो. तसे न करता थांबायचे असल्याचे एक-दोन सत्रे आधी सांगावे. मग आठवड्याचे अंतर पंधरा दिवसांवर, पंधरा दिवसांचे महिन्यावर नेले जाते, आणि शेवटचे सत्र ठरवून घेतले जाते. त्या सत्रात काय बदलले, काय तसेच राहिले, आणि पुन्हा घसरण सुरू झाली तर ती सर्वांत आधी कशातून दिसेल, हे दोघे मिळून कागदावर मांडतात: झोप तुटणे, मित्रांचे फोन टाळणे, जेवण सोडणे, ज्याचे जे असेल ते. तो कागद घरातल्या विश्वासाच्या एका व्यक्तीला दाखवून ठेवावा, कारण अशी घसरण स्वतःला उशिरा कळते. फाइल किती वर्षे ठेवली जाते आणि गावी किंवा दुसऱ्या शहरात गेल्यास तिथल्या थेरपिस्टसाठी सारांश मिळेल का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. वर्ष-दोन वर्षांनी एखाद्या अडचणीपुरते पुन्हा यावेसे वाटले, तर माहितीपत्रकापासून सारे नव्याने करावे लागत नाही. जुन्याच थेरपिस्टला एक संदेश पाठवून दोन-तीन सत्रांची वेळ मागता येते.